थंडीच्या सकाळचा धूर

न्यायशास्त्रांत अनुमान शिकवितांना जें पहिलें उदाहरण देतात तें धुराचें असतें. डोंगरावर धूर दिसतो, सबब तेथें अग्नि असलाच पाहिजे. स्वयंपाकघरांतील चुलीचा नित्याचा अनुभव त्यास साक्षी. तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृतचा तास घेतांना जातां जातां हें उदाहरण मीं किती वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मात्र याच उदाहरणानें मला धडा दिला, आणि तोही चेंबूरच्या आमच्या अंगणांत, एका रिक्षावाल्याच्या समक्ष. त्या धड्याचा उपयोग घरोघरीं होण्यासारखा आहे, म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

चेंबूरला कसली आली आहे थंडी, असें म्हणून कोणी हंसेल. लेह-लडाखची थंडी आमच्या वांट्यास नाहीं हें खरेंच. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईकर आजही त्या नोंदीचा दाखला देतात. एरव्हीं पहांटे पंधरा-सोळा अंश झाले कीं आमच्या कानटोप्या बाहेर निघतात. परंतु डिसेंबर-जानेवारींत पहांटेच्या हवेंत एक प्रकार घडतो तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. रात्रीं जमीन निवते, तिच्यालगतची हवा निवते, आणि वरची हवा तिच्याहून उबदार राहते. थंड हवा जड असल्यामुळें ती वर चढत नाहीं. उबदार हवा झांकणासारखी तिच्यावर बसते. अशा वेळीं वाराही पडलेला असला, म्हणजे एका बाजूस ट्रॉम्बेची टेकडी आणि दुसऱ्या बाजूस माहुलची खाडी यांच्यामधील आमच्या वस्तींत जो धूर सुटेल तो छपरांच्या उंचीवरच लोंबकळत राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापली कीं झांकण उघडतें. हिंवाळ्यांतच मुंबईंत धुरकें दाटतें याचें एक मोठें कारण हें आहे. सारांश, धूर तितकाच असला तरी थंडीच्या पहांटे तो आपल्या नाकाशीं अधिक वेळ रेंगाळतो.

आमचें बिऱ्हाड तळमजल्यावर आहे. माझी वडील बहीण, जिला सारें घर आक्का म्हणतें, तिची खोली अंगणाकडे. आणि तिला दम्याचा जुना विकार. खिडकीच्या पलीकडे भिंतीलगत एक रिक्षावाला रात्रीं आपली रिक्षा लावीत असे. पहांटे साडेपांचला तो ती चालू करी, आणि नळींतून पांढऱ्या धुराचा लोट निघे. जानेवारींतील एका पहांटे आक्काचा खोकला फारच वाढला. मी तडक बाहेर गेलों आणि त्या गृहस्थास नाहीं नाहीं तें बोललों. म्हाताऱ्या माणसांचे जीव जातील, तुमची गाडी येथून हलवा, असा एकंदर माझा सूर होता.

तो उलट बोलला नाहीं. त्यानें आपल्या जेवणाच्या डब्याचें स्टीलचें झांकण काढलें आणि नळीपुढें धरलें. पानावर दंव सांचावें तसे त्यावर थेंब सांचले. त्यानें तें माझ्या हातीं दिलें. काजळी नाहीं, तेलकटपणा नाहीं.

“पाणी आहे, मास्तर,” तो म्हणाला. “गॅसवरची गाडी आहे माझी. थंडीत असंच दिसतं. नाक्यापर्यंत गेली की थांबतं. पण तुमच्या घरची गाडी मी आल्यापासून चालू आहे, तिला कुणी काही म्हणत नाही.”

मीं वळून पाहिलें. चिरंजिवांची पेट्रोलची मोटार आक्काच्या खिडकीपासून चार हातांवर उभी होती. इंजिन तापावें म्हणून ती रोज दहा-दहा मिनिटें जागच्या जागीं चालू ठेवण्याचा आमच्या घरचा नेम. तिच्या नळींतून कांहींच दिसत नव्हतें, म्हणून ती निर्दोष असें मीं धरून चाललों होतों. ज्याचा धूर दिसला तो अपराधी आणि ज्याचा दिसला नाहीं तो साळसूद, हा माझा न्याय!

त्या दिवशीं मी चेंबूर नाक्याकडील एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजांत जाऊन बसलों, आणि या विषयाचीं कांहीं पुस्तकेंही चाळलीं. त्यांतून जें समजलें तें असें.

पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायु हीं तिन्ही इंधनें मुख्यत्वें कार्बन व हायड्रोजन यांचीं बनलेलीं आहेत. तीं जळतात तेव्हां हायड्रोजनचा प्राणवायूशीं संयोग होऊन पाणी तयार होतें. एक लिटर पेट्रोल पुरतें जळालें म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी उत्पन्न होतें, हें ऐकून मी थक्कच झालों. तें वाफेच्या रूपानें बाहेर जातें, म्हणून आपल्याला एरव्हीं दिसत नाहीं. पण सकाळीं नळी थंड, बाहेरची हवा थंड. त्या गारव्यानें वाफेचे सूक्ष्म थेंब होतात आणि ढग दिसूं लागतो. थंडींत तोंडांतून वाफ निघते तोच हा प्रकार. नैसर्गिक वायूंत हायड्रोजनचें प्रमाण पेट्रोलहून अधिक, म्हणून गॅसवरच्या गाडीचा ढगही मोठा. मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा या इंधनाकडे वळल्या त्यामागें धुरानें त्रासलेल्या नागरिकांनीं उच्च न्यायालयांत १९९९ सालीं मांडलेलें गाऱ्हाणें आणि त्यावरून निघालेले हुकूम आहेत. म्हणजे धूर कमी व्हावा म्हणून आणलेल्या गाडीसच मी धुराबद्दल बोल लावीत होतों. गॅसची गाडी सर्वस्वीं निर्मळ असते असें नव्हे. तिच्यांतूनही अपायकारक वायु निघतात. परंतु जो ढग पाहून मी संतापलों होतों तो पाण्याचा होता.

आमच्या जुन्या तार्किकांनीं या चुकीस नांव देऊन ठेविलें आहे. समोर दिसतें तें बाष्प कीं धूर हेंच निश्चित नसतां त्याच्या बळावर अग्नि सिद्ध करूं जाणें हा हेत्वाभास होय. त्यास ‘संदिग्धासिद्ध’ म्हणतात. नांव मला ठाऊक होतें, पण तें आपल्या अंगणांत लावावयाचें असतें हें ठाऊक नव्हतें.

मग खरा धूर कोणता? येथें तर्कसंग्रहांतील दुसरा एक विचार उपयोगी पडतो. अन्नंभट्ट सांगतात कीं, अग्नि असला कीं धूर असतोच असें नाहीं. धुराला अग्नीबरोबर ओल्या सरपणाचा संयोग लागतो. इंजिनाचेंही तसेंच आहे. इंधन हवेंत नीट मिसळून पूर्ण जळालें तर धूर नाहीं. अर्धवट जळालें तर धूर. आणि थंड इंजिनांतील इंधन हें एका अर्थीं ओलें सरपणच होय. गार पेट्रोलची वाफ चांगली होत नाहीं, म्हणून सुरुवातीस तें प्रमाणाहून जास्त पाजावें लागतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ज्या पद्मिनी गाड्या निघत, त्या ज्यांनीं चालविल्या त्यांस चोकची ती ओढावयाची कळ आठवत असेल. कळ ओढली कीं हवा आंखडते, पेट्रोलचा अंश वाढतो, आणि गार इंजिन पेट घेतें. ती परत ढकलावयास विसरलें कीं मग काळा धूर! त्या गाड्यांच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. हल्लींच्या गाड्यांत हें काम यंत्र आपलें आपण करतें, पण जास्त पेट्रोल पाजावें लागतेंच.

डिझेलची तऱ्हा निराळी. त्यांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं डिझेल आपोआप पेटतें. इंजिनाची धातु गार असली तर ती ही उष्णता शोषून घेते, कांहीं डिझेल पेटतच नाहीं, आणि तें धुक्यासारखें बाहेर पडतें. हाही धूर पांढराच, पण त्याचा वास उग्र असतो आणि डोळे चुरचुरतात. यावर उपाय म्हणून इंजिनांत ‘ग्लो प्लग’ नांवाच्या तापणाऱ्या काड्या बसविलेल्या असतात. गाडीच्या पुढील फळीवर वेटोळ्याच्या आकाराचा पिंवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मग इंजिन सुरू करावें. पुष्कळ मंडळी तेवढाही धीर धरीत नाहींत. याहून कडक थंडींत तर डिझेलांतील मेणासारखा अंश थिजतो आणि इंधन वाहीनासें होतें. याच कारणास्तव इंडियन ऑइलनें नोव्हेंबर २०१९ मध्यें लडाखकरितां उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें हिंवाळी डिझेल पुरविण्यास आरंभ केला.

मिस्त्रींनीं मला धुराच्या रंगांची जी परीक्षा शिकविली ती गृहिणींनींही ध्यानांत ठेवावी अशी सोपी आहे. पांढरा ढग निघतो, त्यास उग्र वास नाहीं, चार पावलांवर तो विरतो, आणि गाडी तापली कीं थांबतो, तर ती वाफ. चिंतेचें कारण नाहीं. पांढरा धूर गाडी तापल्यावरही चालूच राहिला, त्यास गोडसर वास आला, आणि इंजिन थंड ठेवणारें पाणी वरचेवर कमी होऊं लागलें, तर तें पाणी आंत झिरपून जळत आहे. गाडी लगेच दाखवावी. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें वंगण जळतें आहे. रात्रभर थेंब थेंब आंत उतरलेलें तेल सकाळीं जळून गेलें तर धूर थोडा वेळच दिसतो. पण तो दिवसभर दिसूं लागला तर इंजिन झिजलें असें समजावें. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. हवेची जाळी धुळीनें बुजली असली तरी तो येतो. अर्थात् नुसता रंग पाहून निकाल देऊं नये. वास, वेळ आणि गाडीची स्थिति हीं तिन्ही पाहावींत.

एवढें शिकून मी समाधानानें घरीं आलों. पण खरा प्रसंग पुढेंच होता. माझ्या धाकट्या भावाची मुलगी कॅनडांत विनिपेग शहरीं असते. तेथें जानेवारींत पारा शून्याखालीं वीस-तीस अंश उतरणें ही नित्याची गोष्ट. तेथील मोटारींना पुढून विजेची दोरी लोंबत असते. रात्रीं ती घरच्या विजेस जोडून इंजिन कोमट ठेवतात, नाहींतर सकाळीं तें हलत नाहीं. तिचा तिकडचा हा पहिलाच हिंवाळा, आणि घरांत आठ महिन्यांचें मूल. त्याच आठवड्यांत तिचा फोन आला.

“काका, गाडी सुरू केली की मागे एवढा ढग होतो, की शेजारचं घर दिसत नाही. काही जळत तर नसेल ना?”

माझें ज्ञान ताजें होतें. मीं तिला बाष्प आणि धूर यांतील भेद सांगितला, वास पाहावयास सांगितलें, आणि तिची भीति घालविली. ती हंसली आणि म्हणाली, “मग बरं झालं. आता हे म्हणतात, की उद्यापासून गाडी गॅरेजातच दार लावून दहा मिनिटं तापवून ठेवू. बाळाला गारठ्यात न्यायला नको.”

तें ऐकतांच माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. कारण सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची एक पहांट मला आठवली. तिचे वडील त्या वेळीं पंचविशींत होते. नाशिकला लग्नास जावयाचें म्हणून त्यांनीं एक जुनी मोटार मागून आणली होती आणि ती रात्रीं शेजारच्या बंगल्याच्या गॅरेजांत ठेविली होती. पहांटे चारला त्यांनीं ती सुरू केली, चोक ओढून ठेवला, आणि आवाजानें लोकांची झोंपमोड होऊं नये म्हणून दार लावून घेतलें. गाडी तापेपर्यंत ते कांचा पुसत राहिले. आई चहा घेऊन गेली तेव्हां ते चाकास टेंकून बसले होते. डोकें ठणकत होतें, पाय लटपटत होते, आणि पुढच्याच क्षणीं त्यांना वांति झाली. आईनें त्यांस हाताला धरून अंगणांत आणलें. पित्त झालें असें ठरवून आम्हीं लिंबाचें सरबत दिलें. मोकळ्या हवेंत तासाभरानें त्यांना बरें वाटलें आणि आम्ही लग्नास गेलोंही! तें पित्त नव्हतें. आई चहा घेऊन आणखी दहा मिनिटें उशिरा गेली असती तर आज फोन करणारी ही मुलगी जन्मालाच आली नसती.

तो प्रताप कार्बन मोनॉक्साइड या वायूचा. इंधन अर्धवट जळालें कीं तो निपजतो. म्हणजेच इंजिन थंड असतां सर्वांत जास्त. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील ज्या द्रव्यावर प्राणवायु वाहिला जातो, त्या द्रव्यास हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळें श्वास चालू असूनही शरीर गुदमरतें. डोकें दुखणें, घेरी, मळमळ हीं त्याचीं पहिलीं चिन्हें, आणि तीं पित्तासारखींच वाटतात. नव्या मोटारींच्या नळींत विषारी वायूंचें शोधन करणारा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ नांवाचा डबा असतो खरा. पण तो स्वतः सुमारें अडीचशें-तीनशें अंश तापल्याखेरीज कामास लागत नाहीं. तोंवर सुरुवातीच्या मिनिटांतील वायु जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडतात. आपण जें पी.यू.सी.चें प्रमाणपत्र कांचेआड मोठ्या विश्वासानें जपतों त्याची तपासणीही तापलेल्या इंजिनावर होते. पहांटेच्या त्या पहिल्या मिनिटांबद्दल तें कांहींच सांगत नाहीं.

नैयायिकांनीं याचेंही उदाहरण देऊन ठेविलें आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. धूर नाहीं म्हणून कोणी त्या गोळ्यास हात लावीत नाहीं. मग धूर दिसत नाहीं एवढ्यावरून आपण बंद दारामागें मोटार कशी चालू ठेवतों?

मीं पुतणीला तिच्या वडिलांची ही हकीकत प्रथमच सांगितली. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें जांवईबापूंस फोनवर बोलाविलें आणि मला सर्व पुन्हां सांगावयास लाविलें. गॅरेजचें दार उघडें ठेवूं म्हणाल तर तेंही पुरेसें नाहीं. गाडी बाहेर काढूनच सुरू ठेवावी, कारण घरास जोडलेल्या गॅरेजांतून वायु घरांत शिरतो. रात्रीं बर्फ पडला असेल तर इंजिन चालू करण्यापूर्वीं नळीचें तोंड मोकळें करावें. तें बुजलें तर वायु उलटून गाडींत येतो. आणि आईबाप बर्फ साफ करीत असतांना मुलाला चालू गाडींत बसवून ठेवूं नये. हें सारें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. दोन दिवसांनीं घरांत या वायूची सूचना देणारी घंटा बसविल्याचें छायाचित्र त्यांनीं पाठविलें.

आपल्याकडे बर्फ नाहीं, परंतु बंद गॅरेजें आहेत, तळघरांतील वाहनतळ आहेत, आणि खिडकीलगत उभ्या राहणाऱ्या गाड्या तर घरोघर आहेत. शिवाय महाबळेश्वरास वेण्णा तलावाकांठीं दंव गोठतें, अशा दिवसांत आपण कुटुंबासह तिकडे सहलीस जातों, आणि गारठा सोसवेना म्हणून कांचा लावून उभ्या गाडींत इंजिन चालू ठेवून झोंपणारेही असतात. तसें कदापि करूं नये. राहतां राहिलें इंजिन तापविणें. आतांच्या मोटारींस त्यासाठीं दहा मिनिटें उभें राहण्याची गरज नाहीं. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबावें आणि पहिला मैल-दीड मैल सावकाश, जोर न देतां चालवावें. चालत्या गाडीचें इंजिन उभ्या गाडीपेक्षां लवकर तापतें, तो शोधक डबाही लवकर कामास लागतो, आणि पेट्रोल वांचतें. अंगणांत उभी ठेवून तापविण्यानें ती घातक वेळ उलट लांबते, आणि तीही नेमकी आजाऱ्याच्या आणि मुलांच्या खिडकीखालीं.

चिरंजिवांस मीं हें सांगितलें तेव्हां प्रथम ते म्हणाले, “बाबा, तुम्हांला मोटारींतलं काय कळतं?” तें खरेंच होतें. पण काकांची गॅरेजांतली हकीकत ऐकून त्यांनीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू होते आणि लगेच फाटकाबाहेर जाते. ती आतां अंगणाच्या दुसऱ्या टोंकास, खिडक्यांपासून दूर उभी असते. आक्काचा दमा कांहीं गेला नाहीं, पण पहांटे खिडकीची एक झडप उघडी ठेवावयास ती आतां तयार होते.

रिक्षावाल्याकडे मी स्वतः गेलों. त्याच्या डब्याचें झांकण माझ्याच घरीं राहिलें होतें, तें परत करतांना म्हणालों, “परवां मी उगाच बोललों. चूक माझी होती.” तो संकोचला. “जाऊ द्या, मास्तर, धूरच दिसतो तो,” असें म्हणून त्यानें रिक्षा सुरू केली, आणि तो पांढरा ढग माझ्या पायांशीं येऊन विरून गेला.